पिकअपची बैठक

जुन्या पिकअप ट्रकच्या केबिनमध्ये एकच लांब आसन असते. दारापासून दारापर्यंत पसरलेली गादी, तिला तेवढीच लांब आणि जवळजवळ सरळ पाठ, आणि त्यावर दाटीवाटीने बसलेली तीन माणसे. गिअरचा दांडा मधल्याच्या गुडघ्यांशी. गाडीच्या कागदपत्रांत इंजिनचा नंबर राहतो, चेसिसचा राहतो, बनावटीचे वर्ष राहते. बैठक कोणी केली, कशाने भरली याची नोंद कुठेच नसते, कारण गाडीत सर्वांत आधी फाटणारी आणि सर्वांत जास्त वेळा बदलली जाणारी वस्तू तीच. नव्या मोटारीच्या सुट्या खुर्च्या काढून पन्नास-साठ वर्षांच्या पिकअपमध्ये बसवण्याचे काम हल्ली गॅरेजांत होते. ते नव्या हौसेचे वाटले, तरी कन्हान-कामठीसारख्या पट्ट्यात त्यामागे जुना रिवाज आहे: गाडी बाहेरून यायची आणि बसायची सोय गावात करून घ्यायची.

कन्हान हे नागपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी, पारशिवनी तालुक्यात वसलेले गाव. आज कन्हान-पिपरी नावाची नगर परिषद तिथे आहे. नदीच्या अलीकडे कामठी, जिथे इंग्रजांनी १८२१ साली लष्करी छावणी वसवली. पलीकडे कन्हान, आणि तिथून मनसर, देवलापार, सिवनी करत जबलपूरकडे जाणारा रस्ता. जुन्या क्रमांकाने तो राष्ट्रीय महामार्ग ७ आणि आजच्या क्रमांकाने नागपूर ते सिवनी हा भाग ४४. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली ती याच नदीवरून. पुढे कन्हानहून रामटेकला फाटा निघाला. मनसर, कांद्री, बेलडोंगरी या खाणींतले मँगनीज आणि कामठी, गोंडेगाव, इंदर, सिलेवाडा या भागातला कोळसा यांमुळे इथल्या रस्त्यांवर ओझ्याच्या गाड्यांना कधी तोटा नव्हता. मँगनीजचा कारभार १९६२ पासून ‘मॉयल’कडे आणि कोळशाचा १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आला. दोन्हींची मुख्य कार्यालये नागपुरातच. छावणी, खाण आणि हमरस्ता अशा तिन्ही गोष्टी एका नदीच्या दोन काठांवर असल्या की गाड्या दुरुस्त करणारेही आपोआप जमतात.

मोटार येण्यापूर्वीही बैठकीचे काम होतेच. विदर्भात ओझ्याला खाचर किंवा बंडी, तर माणसांनी बसून जायला रेंगी आणि दमणी. दमणीत तणस पसरून वर सतरंजी घालत. सधन घरची असेल तर कापसाची गादी. टांग्याची बैठक त्याहून पक्की असे. तिला लाकडी चौकट, आत काथ्या किंवा गवत, वर जाड कापड किंवा चामडे आणि कडेने पितळी टोप्यांचे खिळे. पिंजारी गादी भरी, चर्मकार चामडे ताणी, सुतार चौकट करी. मोटारीच्या आसनाला वेगळा कारागीर जन्माला यावा लागला नाही. हेच तीन धंदे एकाच्या हाताखाली आले आणि त्याला ‘कुशनवाला’ हे नाव पडले. नाव इंग्रजी, हातातले दाभण मात्र धान्याची पोती शिवणारेच.

पिकअप हा प्रकारही सुरुवातीला असाच अर्धवट विकला जाई. अमेरिकेत शेतकरी मोटार घेई आणि मागचा भाग कापून गावच्या सुताराकडून लाकडी पेटी बसवून घेई. १९२५ साली फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी’ला कारखान्यातच पोलादी पेटी लावून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हा हे काम कारखान्याकडे गेले. भारतात मात्र ते बराच काळ बाहेरच राहिले. मुंबईत फोर्डची जुळणी १९२६ च्या सुमारास आणि शिवडीला जनरल मोटर्सची १९२८ साली सुरू झाली. पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरले आणि फोर्ड गाड्या तिथून बाहेर पडत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो आणि फार्गो गाड्यांची जुळणी केली. यांतल्या मोटारी सजून निघत. मालवाहू गाड्या पुष्कळदा नुसते चेसिस म्हणून विकल्या जात. म्हणजे चाके, इंजिन, स्टिअरिंग आणि दोन लांब पोलादी तुळया. केबिन, पेटी, बैठक हे सगळे गिऱ्हाइकाच्या गावी.

हा प्रघात टाटांच्या ट्रकमध्ये अधिकच ठळक झाला. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले आणि उघडे चेसिस देशभर रस्त्याने पोचवले जाऊ लागले. तोंडाला फडके गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल लावलेला चालक एखाद्या लाकडी खोक्यावर किंवा फळीच्या ओबडधोबड आसनावर बसून शेकडो मैल गाडी हाकत नेई. समोर काच नाही, डोक्यावर छप्पर नाही. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन मोठे महामार्ग नागपूरला एकमेकांना छेदतात, त्यामुळे हे दृश्य इथल्या लोकांना परके नव्हते. ते खोके हीच त्या ट्रकची पहिली बैठक. पुढे बॉडीवाला सागाच्या किंवा सालाच्या लाकडाची केबिन उभी करी आणि चालकाच्या उंचीला, पोटाला आणि सवयीला जमेल अशी गादी कुशनवाल्याकडून करून घेई. मापाचे आसन ही चैन श्रीमंतांच्या मोटारींना परवडे असा समज आहे. प्रत्यक्षात या देशात सर्वांत जास्त मापाची आसने ट्रकवाल्यांनी शिवून घेतली.

बसगाड्यांचेही तसेच. विदर्भातली प्रांतिक परिवहन सेवा पुढे राज्य परिवहनात मिसळली आणि १९६१ साली आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. नागपूरजवळ हिंगण्याला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी आणि चिकलठाणा या तिच्या बहिणी. चेसिसवर एसटीची बॉडी आणि आसने चढवण्याचे काम या कार्यशाळांत चालत आले.

लष्करी गाड्यांनी या धंद्याला वेगळे वळण दिले. दुसऱ्या महायुद्धात कामठीला मोठी हालचाल होती. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४१ साली तिथेच उभी राहिली. युद्ध संपल्यावर देशभर लष्कराने नको असलेल्या गाड्या विकून टाकल्या. त्यांतली सर्वांत ओळखीची विलीज जीप. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या होत्या. तिची आसने म्हणजे नळीची चौकट, पातळ गादी आणि वर जाड कॅनव्हास. चालकाच्या बुडाखाली थेट पेट्रोलची टाकी. टाकी भरायची तर चालकाने उठायचे, गादी उचलायची आणि मग तोटी आत घालायची. महिंद्र कंपनीने १९४७ पासून या जीपची जुळणी हाती घेतली आणि नंतर ती मुंबईतच बनवू लागली. आसनाखालची टाकी पुढच्या नमुन्यांतही बराच काळ टिकली. १९६५ च्या सुमारास आलेली ‘एफसी-१५०’ ही त्याच घराण्यातली मालवाहू गाडी. तिची केबिन चाकांच्या पुढे सरकवलेली आणि नाक जवळजवळ सपाट. तिच्यात इंजिनचे झाकण दोन बैठकींच्या मधोमध येई, आणि उन्हाळ्यात चालकाचा डावा पाय भाजून निघे.

कन्हानवरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, जबलपूरला, १९५९ पासून लष्करासाठी ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर. तिथल्या वाहन कारखान्यात पुढे निसानचा एक टनी ट्रक आणि निसान ‘पॅट्रोल’ या गाडीवरून घेतलेली ‘जोंगा’ याही गाड्या झाल्या. आयुष्य संपल्यावर यांतल्या कित्येक लिलावात निघून खासगी मालकांकडे गेल्या. आज विंटेज म्हणून सांभाळल्या जाणाऱ्या मालवाहू गाड्यांत या लष्करी वंशाच्या गाड्यांचा भरणा मोठा आहे, आणि आसन बदलण्याची निकडही त्यांच्यातच जास्त. सैनिकाला वीस मैल नेण्यासाठी केलेल्या बैठकीवर दोनशे मैल काढणे पाठीला झेपत नाही.

जुनी बैठक उसवली की तिचे थर दिसतात. तळाला पोलादी पट्ट्यांची किंवा लाकडाची चौकट. तिच्यावर गुंडाळीच्या स्प्रिंगा, एकमेकींना सुतळीने ताणून बांधलेल्या, म्हणजे एकीवर वजन आले की शेजारणीही दबतात आणि खड्डा पडत नाही. त्यावर बारदान, कारण स्प्रिंगेचे टोक नुसत्या काथ्यातून वर यायला वेळ लागत नाही. मग काथ्या, त्यावर कापसाचा पातळ थर आणि शेवटी वरचे आवरण. विलायती गाड्यांत काथ्याच्या जागी घोड्याचे केस असत. ते ओले झाले तरी पिचत नाहीत, काथ्याला मात्र दोन पावसाळ्यांत वास येतो. कोळशाच्या पट्ट्यात आणखी एक थर सापडतो. बारीक काळी भुकटी शिवणीतून आत उतरते, काथ्यात बसते आणि वर्षानुवर्षे स्प्रिंगांवर साचत राहते.

आवरणाचे कापड ‘रेक्झिन’ या नावानेच ओळखले जाते. हे मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचे व्यापारी नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते कातड्यासारखे दिसेल असे दाबत. चामड्याच्या मानाने ते पुष्कळ स्वस्त पडे. नंतर पीव्हीसीचा लेप आला, जुना लेप गेला, कारखानाही गेला. महाराष्ट्राच्या बाजारात नाव तेवढे राहिले आणि आता कुठलेही नकली कातडे रेक्झिनच म्हणवते. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते पाठीला चिकटते, म्हणून चालक वर दुपट्टा पसरतात किंवा लाकडी मण्यांची जाळी टाकतात. मण्यांच्या जाळीची चेष्टा होते खरी, पण पाठ आणि रेक्झिन यांच्यामध्ये हवा खेळती ठेवण्याचा तिच्याइतका स्वस्त उपाय नाही.

स्प्रिंग आणि काथ्याचे राज्य फोमने संपवले. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओट्टो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. त्याचा मऊ फोम १९५०च्या दशकात आसनांसाठी वापरात आला. आपल्याकडे तो आधी तुकड्यांच्या रूपाने आला. कुशनवाला जुन्या स्प्रिंगांवरचा काथ्या काढून फोमची पाटी ठेवी. त्याने गादी मऊ झाली, टिकाऊ मात्र झाली नाही. पाटीतून कापलेला फोम आणि साच्यात ओतलेला फोम यांत फरक आहे, आणि तो साच्यातला फोम पाहिल्यावरच कळला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. त्याआधीच्या अम्बॅसडरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असे, त्यामुळे पुढच्या सलग आसनावर तिघे सहज मावत. मारुतीत दांडा खाली जमिनीवर आणि पुढे दोन सुट्या खुर्च्या, मागेपुढे सरकणाऱ्या, पाठ कलती होणाऱ्या. चार-पाच वर्षांत या खुर्च्या अपघातग्रस्त गाड्यांमधून भंगारात येऊ लागल्या. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांतून जोडीच्या जोडी विकत मिळू लागली, आणि जीपवाल्यांनी ती आपल्या गाडीत बसवायला घेतली. जुन्या गाडीत नवी आसने घालण्याचा रिवाज आपल्याकडे रुळला तो इथून. रेस्टोरेशन हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते; पाठ दुखते एवढे कारण पुरे होते.

काम सोपे दिसते. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. पण मोटारीची खुर्ची मोटारीच्या तळासाठी घडलेली असते. तिच्या रुळांचे पाय एका पातळीत नसतात: पुढचे उंच, मागचे खाली, कधी एक पाय मधल्या बोगद्यावर चढलेला. जुन्या पिकअपचा तळ सपाट पत्र्याचा किंवा पेटीसारखा उंच. म्हणून मिस्त्री चौरस पाइपची किंवा अँगलची वेगळी चौकट करतो आणि खुर्ची तिच्यावर बसवतो. इथे पहिली चूक उंचीची होते. जुनी गादी चालक बसला की चार बोटे दबे. साच्यातला फोम तितका दबत नाही. चौकटीचे दोन इंच वाढले की डोके छपराला लागते आणि मोठ्या चाकाचे स्टिअरिंग मांडीवर येते. जाणता मिस्त्री म्हणूनच आधी विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर खुर्ची ठेवतो, गाडी चालवणाऱ्यालाच तिच्यात बसवतो, क्लच पूर्ण दाबायला लावतो, आणि खडूने खुणा केल्यावरच वेल्डिंगची पेटी उघडतो. मालकाऐवजी गॅरेजमधला पोरगा बसवून घेतलेली मापे हमखास फसतात.

दुसरी अडचण पाठीची. पिकअपच्या केबिनची मागची भिंत आसनाच्या लगेच मागे उभी असते. मोटारीच्या खुर्चीची पाठ कलती करायला जी जागा लागते ती तिथे नाहीच. हौसेने घेतलेली कलती खुर्ची मग कायमची ताठ बसते. मधल्या माणसाची जागा जाते ती वेगळीच. तिसरी अडचण टाकीची, आणि ती जिवावरची. जीपमध्ये टाकी आसनाखाली. १९७०च्या दशकाआधीच्या बऱ्याच अमेरिकी पिकअपमध्ये ती केबिनच्या आत, बैठकीच्या पाठीमागे. आसनाची चौकट वेल्ड करायची तर टाकी आधी गाडीबाहेर काढावी लागते. पेट्रोल ओतून रिकामी केलेली टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ उरते. चौथी अडचण अगदी अलीकडच्या खुर्च्यांची. त्यांच्या कुशीत एअरबॅग असते, खाली तारा आणि पिवळ्या रंगाचे जोड. जुन्या गाडीत त्या बॅगेला हुकूम देणारी यंत्रणाच नाही, तरी तिच्यातला स्फोटक भाग जिवंत असतो. अशी खुर्ची हातोडीने ठोकत बसवणे शहाणपणाचे नाही.

सर्वांत मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. जुने आसन फक्त वजन पेलत होते. नव्या आसनाला अपघाताचा धक्का पेलायचा असतो. तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिनने १९५९ साली आणला. भारतात पुढच्या आसनांना पट्टा सक्तीचा झाला तो १९९४ पासून बनलेल्या गाड्यांत. त्याआधीच्या पिकअपमध्ये पट्टा अडकवायला जागाच नाही. नवी खुर्ची आणली की पट्टा आपोआप येतो असे अनेकांना वाटते. बहुतेक मोटारींत खुर्चीला नुसता बकलचा खटका जोडलेला असतो. पट्ट्याचे वरचे टोक दारामागच्या खांबाला असते, आणि तो खांब भंगारवाल्याकडेच राहतो. लहान वाहनांच्या पट्ट्याच्या आधारबिंदूंची आंतरराष्ट्रीय चाचणी सुमारे १,३५० किलो वजनाइतक्या ओढीने घेतली जाते, आणि खांद्याच्या व कमरेच्या भागावर ती ओढ एकाच वेळी दिली जाते. साठ वर्षांचा, खालून गंजलेला पत्रा नुसत्या वॉशरने हे सोसत नाही. तो वॉशर पत्र्यातून बटणासारखा निसटतो. म्हणून तळाखालून तळहाताएवढी पोलादी पाटी देतात, तिच्या कडा गोल करतात म्हणजे ती पत्रा कापणार नाही, आणि शक्य तिथे चौकट थेट चेसिसच्या तुळईला पकडवतात. पट्ट्यासाठी साधा बाजारू बोल्ट चालत नाही; त्याला वेगळा, उच्च ताकदीचा लागतो. दिसण्यावर हजारो रुपये खर्चून या पाटीवर कंजुषी करणारे मालक कमी नाहीत.

कायद्याने या कामाला दोन बाजूंनी धरले आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने मुळात दिलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. नोंदणीत आसनक्षमता लिहिलेली असते. तिघांची सलग बैठक काढून दोन खुर्च्या बसवल्या की आकडा बदलतो, आणि कापडाचा वाटणारा प्रश्न कागदाचा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कन्हानच्या गाड्या नागपूर ग्रामीणच्या एमएच-४० या मालिकेत येतात, म्हणजे विचारणा तिथल्या कार्यालयात करायची.

दुसरी बाजू विंटेजची. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यांत बसते. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते, व्यापारासाठी नाही. नियमाने नाव घेतले ते चेसिस, बॉडी आणि इंजिनाचे. आसनाचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही, पण ‘मूळ रूप’ या शब्दांत ते येते की नाही यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. ज्या ट्रकची बैठक कारखान्याने कधी दिलीच नाही, त्याचे मूळ रूप कुठले? कामठीच्या कुशनवाल्याने १९६२ साली भरलेली काथ्याची गादी मूळ धरायची, की चालक ज्यावर बसून आला ते खोके?

या अडचणीतून गॅरेजांनी काढलेली वाट साधी आहे. नवी चौकट गाडीला वेल्ड करायची नाही. जुन्या बैठकीच्या मूळ भोकांतच ती बोल्टने बसेल अशी करायची, नवे भोक फक्त पट्ट्याच्या पाटीपुरते पाडायचे. जुन्या आसनाची चौकट गंज घासून, रंग देऊन माळ्यावर ठेवायची, तिचे बोल्ट कापडाच्या पुरचुंडीत तिलाच बांधायचे. तपासणी किंवा प्रदर्शन आले की खुर्च्या उतरवून लांब बैठक पुन्हा चढवायची. दोन माणसे आणि दोन पाने असले की हे काम एका सकाळीत उरकते.